अर्धा सूर

शनिवार. टोलेडो, ओहायो.
रस्त्याकडेच्या बर्फाचा काळा चिखल झालेला.
खिशात दोनशे ऐंशी डॉलर,
आणि बरोबर ऐंशीची आई,
घरी एकटी बसणार नाही म्हणाली म्हणून.

माझा जुना बेस चार तारांचा.
त्याची सगळ्यात खालची पायरी ई.
आणि आमच्या चर्चमध्ये सिस्टर ऑझेला
प्रत्येक गाणं उचलते ई-फ्लॅटमध्ये,
माझ्या पायरीच्या बरोबर अर्धा सूर खाली.
अर्धाच. पण नाही तो नाहीच.
तेवीस वर्षं मी तिथं वरचा ई-फ्लॅट वाजवून
वेळ मारून नेली,
जसं पाहुण्यांना सांगावं, तळघराला कुलूप आहे,
आणि घराला तळघरच नसावं.

अदीब खूरीच्या दुकानात
गहाण पडलेल्या ड्रिल मशीन, साखरपुड्याच्या अंगठ्या,
बर्फ उडवायची यंत्रं, पोचे आलेला एक ट्रॉम्बोन
आणि भिंतीवर पाच तारांचे तीन बेस.

पहिला काळा, चकाकता. दोनशे साठ.
चार तारा स्वच्छ बोलल्या,
पाचवी मात्र तोंडात घास धरून.
"तारा बदल, सुधारेल," अदीब म्हणाला.
लग्नाआधी मीही रेनेटाला
स्वतःबद्दल असंच काहीसं सांगितलं होतं.

दुसरा चारशे दहा.
तो उतरवूच नकोस म्हटलं.
एकदा मांडीवर घेतला की खाली ठेववत नाही.

तिसरा हिरवा,
जुन्या इस्पितळाच्या भिंतीसारखा हिरवा.
कडेला सिगारेटचा डाग,
पाठीवर खिळ्याने कोरलेलं कुणाचं तरी नाव: टेरेल.
दोनशे पंचवीस, पिशवीशिवाय.

आई ॲम्प्लिफायरवर बसली होती,
मोडक्या स्टुलावर बसावं तशी, बेतानं.
काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली तिनं.
मशीनच्या गदारोळात आधी बारीक आवाज गेले,
मग माणसांचे. कानातली यंत्रं
पर्समध्ये असतात, पेपरमिंटच्या गोळ्यांसोबत.
तिथं पट्ट्यावरून बाटल्या धावायच्या,
आणि डोळ्यांना न दिसणारा तडा
तिच्या तळव्याला कळायचा.

तिनं काळ्याच्या लाकडावर हात ठेवला.
"वाजव."
वाजवलं.
"याला तडा आहे."
अदीबनं बॅटरी आणली, भिंग आणलं,
सांधा न् सांधा पाहिला. काहीच नाही.
"मॅडम, हा नवाकोरा आहे."
तिला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.

मग हिरवा.
पाचवी तार, चौथा पडदा.
काचेच्या कपाटातली ड्रिलची पाती थरथरली.
आईनं डावा पाय जमिनीवरून उचलला,
थोडा वेळ तसाच धरला,
पुन्हा टेकवला.
"परत."
परत वाजवलं. तो खर्ज
फरशीतून येत असावा, माझ्या बोटांतून नाही,
असं मलाच वाटलं.
"रंग भिकार आहे," ती म्हणाली,
आपला आवाज किती मोठा आहे हे न कळून,
सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.
"पण लवेल, हा घे."

अदीब दोनशे दहावर आला.
खांद्याचा पट्टा फुकट दिला, किंचित कुजका.
उरलेल्या सत्तरात तारांचा नवा संच येईल,
किंवा रेनेटाच्या गाडीचं वायपर.
ते घरी ठरेल. म्हणजे ठरलेलंच आहे.

गाडीत आईनं तो गुडघ्यांमध्ये उभा धरला,
मान थेट छताला टेकलेली.
मी किल्ली फिरवली, आणि
कुणी न छेडता पाचवी तार गुणगुणू लागली.
आईचा तळवा लाकडावर.
सिग्नलपर्यंत काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"इंजिनात काहीतरी सैल झालंय, डाव्या बाजूला."

शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो मी,
एकोणीस वर्षं.
मी रेडिओ बंद केला, कान दिला.
मला काही ऐकू आलं नाही.
सोमवारी बॉनेट उघडलं तर
डावीकडचा बोल्ट होता, अर्धा आटा सैल.